‘आलोच’ न म्हणणारा मामा

चष्मेवाल्यांच्या मुलीने आमच्या मामाला नकार दिला आणि ती दूरच्या देशात निघून गेली, म्हणून मामाने लग्न केलं नाही, अशी आमच्या जिन्यात पक्की बातमी आहे. तळमजल्यावरच्या काकूंच्या तोंडून ती ऐकण्यासारखी असते. आधी त्या कठड्यावर कोपर टेकतात, मग वर बघतात, मग खाली बघतात आणि आवाज अर्ध्यावर आणून म्हणतात, "आपल्याला काय करायचंय म्हणा, पण म्हणे..." हा ‘म्हणे’ काकू इतका लांबवतात की तेवढ्यात लिफ्ट एक मजला चढून येते. दुसऱ्या मजल्यावरचे प्रोफेसर तीच बातमी घसा खाकरून सांगतात आणि ‘नकार’ऐवजी ‘अस्वीकार’ म्हणतात. रखवालदार काहीच सांगत नाही, नुसती मान हलवतो, आणि त्याचंच लोकांना सगळ्यात खरं वाटतं.

पुरावाही सगळ्यांकडे आहे. मामा चष्मेवाल्यांचं सामान वर नेऊन देतो, त्यांच्याकडचा गेलेला दिवा बदलतो, त्यांना दवाखान्यात नेतो, आणणं-सोडणं करतो. परक्या म्हाताऱ्याचं एवढं कोण करतं? जावई व्हायचं राहून गेलेला माणूसच करतो, असं काकूंचं म्हणणं.

हे सगळं खोटं आहे. ती मुलगी इथे राहत असताना मामा तिच्याशी कधी धड बोललासुद्धा नाही. लिफ्टमध्ये ती असली की तो छताजवळचे मजल्यांचे आकडे वाचत उभा राहायचा, जणू आज एखादा नवा मजला निघणार आहे. मामाचं आणि चष्मेवाल्यांचं जे काही आहे ते एका बटणावरून आहे. शर्टाच्या नव्हे, वेबसाइटच्या.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आमच्या समोरच्या दारात एकटा राहतो आणि दोन्ही वेळा आमच्याकडे जेवतो. मान जरा पुढे काढून चालतो, चारच बोटांनी टाइप करतो आणि लाज वाटली की त्याचे कान लाल होतात. बाकी चेहऱ्यावर काही नाही, फक्त कान. आई म्हणते, लहानपणी ह्याला खोटं बोलता यायचं नाही ते ह्या कानांमुळे.

त्याची नक्कल करायला सोपी आहे, कारण तो कधीच ‘आलोच’ म्हणत नाही.

हे किती अवघड आहे ते आपापल्या घरात कान देऊन बघा. आमच्याकडे कुणी आलेलं नसतं तेव्हाच ‘आलो’ म्हणतं. बाबा ‘निघालोच’ म्हणतात तेव्हा त्यांचा एक बूट पायात असतो आणि दुसरा बेपत्ता. आई ‘झालंच’ म्हणते तेव्हा कांदा अजून टोपलीत असतो. मावशी फोनवर ‘पोचलेच, कोपऱ्यावर आहे’ म्हणते आणि मागे बादली भरत असल्याचा आवाज येतो. मी तर पांघरुणाच्या आतून ‘आलेच’ म्हणते, तेही ‘ले’वर जरा हेलकावा देऊन, म्हणजे ऐकणाऱ्याला मी पळत येतेय असं वाटावं. आणि मामाला जेवायला हाक मारली की समोरच्या दारातून उत्तर येतं, "उठलो. अजून चपला घातल्या नाहीत." मग, "चपला घातल्या." मग, "दाराशी आहे, उघड." एकदा आई वैतागून म्हणाली की हा माणूस जेवायला येतो का जेवायला येण्याच्या बातम्या देतो.

पूर्वी तो असा नव्हता. ‘आलोच’चा राजा होता म्हणे. (हा ‘म्हणे’ माझा, आखूड.) तो बदलला त्याचीच ही गोष्ट.

मामाचा धंदा वेबसाइटी बांधण्याचा. नुसत्या बघायच्या नव्हेत, ज्यांवर माणसं काहीतरी मागतात, बदलतात, रद्द करतात अशा. मी त्याला एकदा विचारलं की तू दिवसभर नेमकं करतोस काय. तेव्हा मी पलंगावर लोळत होते आणि आईला तिसऱ्यांदा ‘आलेच’ म्हणून झालं होतं. मामा म्हणाला, "आत्ता तुझ्या आईच्या डोक्यात तू स्वयंपाकघरात पोचलेली आहेस. तिने तुझं ताटसुद्धा वाढलंय. प्रत्यक्षात तू इथे आहेस. ही दोन चित्रं जुळवत बसायचं, एवढंच माझं काम."

मग त्याने फोड करून सांगितलं. आपल्या फोनवर वेबसाइटचं जे पान दिसतं त्यात एक चित्र असतं. लांब कुठेतरी एक मशीन बसलेली असते, तिला सर्व्हर म्हणतात, तिच्याकडे दुसरं चित्र. आपण बटण दाबलं की आपल्याकडचं चित्र बदलतं, पण त्याचा निरोप तिच्यापर्यंत जायला हवा आणि ‘मिळाला’ असा उलट निरोप यायला हवा. मधल्या वाटेवर काहीही होतं. आणि दोन्ही चित्रांत फरक पडला तर खरं कुणाचं मानायचं? तर मशीनचं. हा ह्या धंद्यातला नेम आहे, आणि मामानेही तो डोळे मिटून पाळला.

ज्यांना पायऱ्या आणि बस जमत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना इकडून तिकडे नेणारी एक व्हॅनसेवा होती. मामाच्या ऑफिसने तिची वेबसाइट केली, म्हणजे मामानेच केली. कुठून, कुठे, किती वाजता, आणि खाली मोठं बटण, ‘व्हॅन हवी’. सुरुवातीला दाबलं की एक चक्र फिरत राहायचं. म्हातारी माणसं घाबरून आणखी दोनदा दाबायची आणि दारात तीन व्हॅन येऊन उभ्या. त्यावर मामाने युक्ती काढली. दाबताक्षणी पान हिरवं करायचं, त्यावर ‘झालं’ असं ठळक दाखवायचं, आणि निरोप मागाहून गुपचूप पाठवायचा. तो बहुतेक वेळा पोचतोच. एखाद्या वेळी नाही पोचला तर पान हिरवं पुसून सांगेल की गडबड झाली, पुन्हा दाबा.

मामाला ह्याचा केवढा अभिमान. "बोट उचलायच्या आत हिरवं," असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याने बाबांच्या फोनवर प्रयोग करून दाखवला. बाबांनी गंमत म्हणून दातांच्या दवाखान्याची व्हॅन मागवली, ती खरंच दुसऱ्या दिवशी आली, आणि बिचाऱ्या ड्रायव्हरचं मन मोडायला नको म्हणून बाबा दात दाखवून आले. मामा त्यावर आठवडाभर हसत होता. त्या व्हॅनवर आणि त्या हिरव्यावर त्याचा इतका विश्वास होता.

चष्मेवाले आमच्या दोन मजले वर राहतात. गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान होतं. जन्मभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत ते एकच विचारत आले, "असं बघा. आता बघा. हे बरं, का हे बरं?" आता ते दोन टोमॅटोंनाही तसंच विचारतात. विचारताना अंगठा आणि बोट अशी धरतात की मधे भिंग नाही हे आपल्यालाच विसरायला होतं. माझ्या सगळ्या नकलांत ही पहिल्या नंबरची. पाहुणे आले की मला ती करायला लावतात.

त्यांची मुलगी त्यांच्याच हाताखाली काम शिकली होती. भिंग घासण्यात ती त्यांच्यापेक्षा हलक्या हाताची, हे तेच सांगायचे. दुकानाच्या पाटीवर त्यांनी हौसेने स्वतःच्या नावाखाली ‘आणि कन्या’ असं रंगवून घेतलं. मग तिला लांबच्या देशातून प्रयोगशाळेतलं काम आलं, भिंगांचंच, आणि तिने हो म्हटलं. चष्मेवाल्यांनी विरोध केला नाही, फक्त बोलणं बंद केलं. तेही धड नाही. "फ्रिजमध्ये दूध आहे असं कुणीतरी कुणालातरी सांगा," असं ते भिंतीला सांगायचे. ती भिंतीला उत्तर द्यायची, "कुणालातरी कळलंय." शेवटी ती कंटाळून मैत्रिणीकडे राहायला गेली आणि निघायच्या आदल्या दिवशी तिचा मेसेज आला. सकाळची ट्रेन आहे, पुढे विमान, यावंसं वाटलं तर या.

सकाळी चष्मेवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. तिने पहिल्यांदा स्वतः घासलेलं भिंग त्यांनी कापसात जपून ठेवलं होतं, ते खिशात घेतलं. लिफ्टमध्ये शिरले आणि दार बंद होता होता फोनवर बटण दाबलं. पान हिरवं झालं. ‘झालं’ वाचून त्यांनी फोन खिशात टाकला, भिंगाशेजारी.

आमच्या लिफ्टमध्ये नेटवर्क दारापर्यंत सोबत करतं आणि तिथून मागे फिरतं. निरोप गेलाच नाही. पानाने थोडा वेळ वाट पाहिली आणि मामाने शिकवल्याप्रमाणे हिरवं पुसून ‘गडबड झाली, पुन्हा दाबा’ असं दाखवलं. कुणाला, तर खिशाच्या अस्तराला.

चष्मेवाले फाटकाजवळच्या बाकावर बसले. रखवालदार सांगतो, गाडीचा आवाज आला की उठायचे, शर्ट खाली ओढायचे, आणि गाडी पुढे गेली की पुन्हा बसायचे. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन काढला. पान पुन्हा नव्याने उघडलं, त्याने मशीनला विचारलं, आणि मशीनने सांगितलं ते दाखवलं. आज तुमची कोणतीही फेरी नाही. हिरवं तर नव्हतंच, गडबडीची सूचनाही गेली होती. टॅक्सी करून ते स्टेशनवर पोचले तेव्हा फलाटावर झाडू मारणं चाललं होतं.

त्यांनी तिथूनच मुलीला फोन केला आणि सांगितलं की व्हॅन सांगितली होती, आली नाही. मुलगी न्यायी स्वभावाची. तिने गाडीतूनच व्हॅनच्या ऑफिसात विचारलं. तिथल्या बाईंनी बघून सांगितलं की आमच्याकडे अशी मागणी आलेलीच नाही. मग मुलीने बापाला पुन्हा फोन लावला. तेव्हा ती काय म्हणाली ते चष्मेवाल्यांनी आईला जिन्यात सांगितलं, अगदी तिच्या आवाजात, त्यामुळे मलाही ते त्याच आवाजात पाठ आहे. "बाबा, यायचं नव्हतं तर तसं म्हणायचं. व्हॅनवर कशाला ढकलता?"

पुढे त्यांचं बोलणं ‘तब्येत बरी ना’ आणि ‘तिकडे थंडी आहे का’ एवढ्यावर आलं. ‘आणि कन्या’वर कुणीतरी पांढरा रंग मारला. चष्मेवाल्यांनीच मारला. नंतर दुकानही बंद केलं.

मामाला हे त्याच दिवशी जेवताना कळलं. आई सांगत होती आणि त्याचा घास हातातच राहिला. कान असे लाल झाले की बाबांनी विचारलं, तिखट लागलं का. तो उठून गेला आणि त्याने सर्व्हरवरच्या खुणा उपसल्या. चष्मेवाल्यांच्या फोनवर पान उघडल्याची खूण होती. बटण दाबल्याची नव्हती. ऑफिसच्या हिशेबाने ह्याचा अर्थ सरळ होता, दाबलं नाही. मामाला मात्र दिसत होतं की इस्त्रीचा शर्ट घालून, पान उघडून, कुठे आणि किती वाजता ते सगळं भरून कुणी न दाबता खाली उतरत नाही. त्याला आमची लिफ्ट माहीत होती. आणि जो दाबल्याचा एकमेव पुरावा होता तो पुसायला पानाला त्यानेच शिकवलं होतं.

परत येऊन तो आईला म्हणाला, "चूक माझी आहे, ताई. चष्मेवाल्यांची नाही. सांगतोच त्यांना."

तो त्याचा शेवटचा ‘च’.

आधी दुरुस्ती करू, मग तोंड घेऊन जाऊ, असं त्याने ठरवलं. दुरुस्ती चांगली केली. आता दाबलं की पान ‘पाठवतोय’ म्हणतं आणि दाबलेलं फोनमध्येच धरून ठेवतं, नेटवर्क आलं की पुन्हा पाठवतं. मशीनकडून उलट निरोप आल्यावरच ‘पोचलं’ असं दाखवतं. ऑफिसातले साहेब कुरकुरले. त्यांचा आवाज नाकातून येतो. "माणसाने बटण दाबलं की त्याला बरं वाटलं पाहिजे, तुम्ही तर त्याला ताटकळत ठेवताय." मामा ढिम्म हलला नाही. ‘झालं’ हा शब्द त्याने सगळ्या पानांवरून शोधून शोधून काढून टाकला.

दुरुस्ती झाली तरी तोंड काही तयार होईना. आठवडा गेला, मग एवढे दिवस का सांगितलं नाही हेही सांगणं आलं. महिना गेला तेव्हा ते सांगणं मूळ गोष्टीपेक्षा जड झालं. मग तो चष्मेवाल्यांचं सामान वर नेऊन द्यायला लागला. दिवा बदलायला लागला. सांगायचं सोडून सगळं करायला लागला, आणि जिन्यात काकूंनी कठड्यावर कोपर टेकलं.

आणि आईच्या डोक्यात त्याने सांगितलेलं होतं. ‘सांगतोच’ म्हणाला म्हणजे सांगितलं, असं धरून ती चालली होती. दोन वर्षं.

फुटलं ते माझ्या चष्म्यामुळे. माझ्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू सैल झाला म्हणून चष्मेवाले आमच्या टेबलाशी बसले होते, बारीक पेचकस घेऊन. मामा वर्तमानपत्रात तोंड घालून होता. बोलता बोलता मुलीचा विषय निघाला आणि चष्मेवाले सहज म्हणाले की तेव्हा आपणच बटण दाबलं नसेल. आई थांबली. म्हणाली, अजून काय ते मनात ठेवून आहात, ह्याने तुम्हाला सगळं सांगितलं ना.

"काय सांगितलं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

आईने मामाकडे बघितलं. तिला कानांकडे बघावंसुद्धा लागलं नाही. वर्तमानपत्र आणखी वर सरकलं होतं.

मामाने मग सगळं सांगितलं. लिफ्ट, हिरवं, खिसा, पुसलेलं पान, सगळं. दोन वर्षांत मनात इतक्या वेळा बोलून झालं होतं की ते बोलणं एखाद्या पाठांतरासारखं सरळ आलं. तुम्ही दाबलं होतं, काका, माझ्या पानाने तुम्हाला फसवलं, असं त्याने शेवटी म्हटलं.

चष्मेवाल्यांनी पेचकस खाली ठेवला. रागावतील असं मला वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझा चष्मा उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाले, "असं बघा. गिऱ्हाइकाला फार वेळा विचारलं ना, हे बरं का हे बरं, की शेवटी त्याला दोन्ही सारखंच दिसायला लागतं. मग आपण जे म्हणू त्याला तो हो म्हणतो. माझं तसं झालंय. पहिले काही महिने मला ते हिरवं स्पष्ट दिसायचं. मुलीने विचारलं, ऑफिसने विचारलं, मी स्वतःला विचारलं. आता नाही दिसत."

मामा म्हणाला की दिसो न दिसो, ते होतं.

"नोंद आहे?"

"दाबल्याची नाही, पण..."

"मग झालं," चष्मेवाले म्हणाले. मामा चटका बसल्यासारखा हलला. चष्मेवाले समजुतीने पुढे बोलत राहिले. खरं तर त्यांना तेव्हा जायचंच नव्हतं, मनात राग होता, बोट बटणापर्यंत नेलं असेल आणि वर धरून ठेवलं असेल, माणूस असं करतो. तुम्ही भले आहात, माझं मन राखायला सांगताय, असं म्हणून त्यांनी मामाच्या हातावर थोपटलं, चष्मा माझ्या नाकावर बसवला आणि मला विचारलं, "आता बघ बाळ. बरं?" मला त्यांची नक्कल इतकी येते, पण त्या वेळी मी नुसती मान हलवली.

मामाने त्याच दिवशी मुलीला पत्र लिहिलं. ह्या वेळी कुणालाही ‘लिहितोच’ म्हणाला नाही, लिहून, पाठवून, तिला मिळाल्याचं कळल्यावर आईला येऊन म्हणाला, "पोचलं." मुलीचा फोन आला. तिने एकच गोष्ट विचारली, त्या दिवशी बाबांनी शर्ट कोणता घातला होता. मामाला माहीत नव्हतं. तो फोन घेऊन खाली पळाला आणि रखवालदाराला विचारून आला. निळ्या पट्ट्यांचा. तो तिनेच पहिल्या कमाईतून आणलेला होता. मग ती म्हणाली, मी येते. आणि तारीख सांगितली.

ती यायच्या दिवशी आम्ही तिघे स्टेशनवर गेलो. मामाने व्हॅन मागवली ती लिफ्टच्या बाहेर, जिन्यात उभं राहून, आणि ‘पोचलं’ दिसेपर्यंत आम्हाला लिफ्टमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. चष्मेवाल्यांनी फोनला हात लावला नाही. त्यांनी निळ्या पट्ट्यांचा शर्ट घातला होता आणि पुनःपुन्हा खिसा चाचपत होते.

फलाटावर ते पुढे जाऊन पाटी वाचत होते तेव्हा मी मामाला म्हटलं की आता ती सांगेल आणि त्यांना पटेल. स्वतःच्या मुलीने सांगितल्यावर कोण मानत नाही? मामा म्हणाला, नाही मानणार. मी पैज लावली. त्यांनी मानलं तर मामाने आठवडाभर, आईच्या समोर, मोठ्याने ‘आलोच’ म्हणायचं. नाही मानलं तर मी महिनाभर ‘आलेच’ म्हणायचं नाही. मामा म्हणाला, लाव. मी हसत होते, कारण मामाच्या तोंडचा ‘आलोच’ कसा येईल ह्याची नक्कल माझी आधीच तयार होती.

गाडी आली. मुलगी उतरली, आधीपेक्षा रोड, केस आखूड. बापलेक समोरासमोर आले आणि दोघांनाही काय करावं कळेना. चष्मेवाल्यांनी हात पुढे केला आणि तिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला. शर्टाच्या टोकाने पुसला, उजेडाकडे धरला.

"नंबर बदललाय," ते म्हणाले. "कुणी काढला?"

"तिकडच्या एकाने."

"बरा काढलाय."

चष्म्याशिवाय ती त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या दिवशी बटण दाबलं होतंत. मला कळलंय सगळं. माझंच चुकलं."

"नाही गं," चष्मेवाले म्हणाले. अगदी मऊ आवाजात, ‘गं’ जवळजवळ ऐकूच न येणारा. "मी दाबलं नव्हतं. यायचं नव्हतं मला. खोटं बोललो. चुकलं माझं."

ती पुन्हा सांगायला लागली. ते पुन्हा तेच म्हणाले, तितक्याच मऊपणे. तिने त्यांच्या खांद्यावरून मामाकडे बघितलं. मामा एक पाऊल पुढे झाला, तोंड उघडलं. तिने मान किंचित हलवली, नको अशी. मग बापाच्या हातातला चष्मा घेऊन डोळ्यांवर चढवला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "असू दे, बाबा. माफ केलं."

चष्मेवाल्यांचे खांदे खाली आले. दोन वर्षं वर धरलेलं बोट खाली यावं तसे. "हे बरं," ते म्हणाले, आणि खिशातला कापूस काढून तिच्या हातात दिला.

मामा मागे सरकला. जे त्याचं होतं त्याची माफी त्याच्यासमोर दुसऱ्यालाच मिळाली होती, आणि ती अडवायला तो काही करू शकत नव्हता. तो वेळापत्रकाच्या फळ्यासमोर जाऊन उभा राहिला आणि गाड्यांचे आकडे वाचायला लागला, लिफ्टमध्ये वाचायचा तसे. कान मागून दिसत होते. मी त्याच्या शेजारी जाऊन म्हटलं, जिंकलास. त्याने मान हलवली. पैज जिंकल्यावर इतकं हिरमुसलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. ‘पाठवतोय’सारखं काहीतरी त्याच्या तोंडावर होतं, आणि ते कुठे पोचणार हे त्यालाही माहीत नव्हतं.

मुलगी दहा-बारा दिवस राहून गेली. जाताना चष्मेवाले तिला सोडायला गेले, वेळेवर. आता बापलेक फोनवर भिंगांबद्दल तास तास बोलतात. जिन्यात नवी बातमी अशी आहे की ती मामासाठी परत आली होती, पण म्हणे... पुढचं मी ऐकायला थांबत नाही.

माझा महिना अजून चालू आहे. आई जेवायला हाक मारते आणि मी पांघरुणातून, अगदी मामाच्या आवाजात, कळवते, "जागी आहे. एक पाय खाली ठेवलाय. दुसऱ्याचं ठरलं की सांगते." आई म्हणते, देवा, आता घरात दोन झाले. आणि समोरच्या उघड्या दारातून मामाचा आवाज येतो, हसू नसलेला, पण नेमका, "ऐकलं."